दुरुस्त केलेली रेघ

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आनंदाची बातमी दिली आणि आजोबांचा चेहरा पडला. पायाची लाल सूज उतरणीला लागली होती. आता शिरेतून इंजेक्शन घ्यायला रोज दवाखान्यात यायला नको. घरीच कॅप्सूल घ्यायची आणि प्रत्येक कॅप्सूलबरोबर एक जोडीची गोळी. ती गोळी स्वतः जंतूंना काही करत नाही, पण मूत्रपिंडांना औषध घाईने बाहेर टाकू देत नाही, असं बाईंनी समजावलं. आपल्यालाही इथून लवकर बाहेर टाकू नये म्हणून काही गोळी मिळेल का, हे आजोबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. भिडेपोटी राहिलं.

निघताना सिस्टरने लालीच्या कडेकडेने पेनाने रेघ मारली. लाली रेघेबाहेर गेली तर तडक यायचं, असं बजावलं.

आजोबांनी नोकरीभर नकाशे काढले होते. घरी खुर्चीत बसून त्यांनी रेघ न्याहाळली. ती थरथरलेली होती, दोन ठिकाणी तर चक्क दुहेरी. घरात बघायला दुसरं कोणी नसल्यामुळे ते संध्याकाळपर्यंत रेघेकडेच बघत राहिले. शेवटी राहवेना. स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसून त्यांनी दिव्याच्या मंद उजेडात बारीक पेनाने नवी ओढली, वेडीवाकडी वळणं छाटून, सुबक.

सकाळी लाली तीन ठिकाणी रेघेबाहेर होती. आजोबा घाबरले. घाबरलेल्या माणसाने शर्टाला इस्त्री करत बसू नये, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी केली.

डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. जोडीची गोळी चुकली नाही ना, हे दोनदा विचारून त्यांनी पुन्हा पाच दिवस इंजेक्शन लिहिलं. आजोबा जवळजवळ उड्या मारतच खाटेवर चढले. सिस्टर सुई घेऊन आली आणि पायाकडे बघत थांबली.

"आजोबा, ही रेघ माझी नाही."

"तुमची जरा थरथरली होती. मी फक्त दुरुस्त केली."

"लाली जशी होती तशीच काढली होती मी. कालच्यापेक्षा कमीच आहे की ती."

तिने सुई ठेवून दिली आणि बाईंना जाऊन सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं. आजोबांनी गुडघ्यापर्यंत वर सरकवलेला पायजमा खाली ओढला, चपला शोधल्या.

"उद्या या," सिस्टर परत येऊन म्हणाली.

"गोळ्या लागू पडल्यात ना?"

"म्हणूनच. लाली आत सरकली की रेघ नवी लागते. ती मी मारणार. तुम्ही पेनाला हात लावायचा नाही."

"किती वाजता येऊ?" आजोबांनी विचारलं, आणि आपण विचारायची फार घाई केली की काय, या शंकेने ते घरापर्यंत लाजत गेले.