घोटायचा सुळा

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या शेजारी लक्ष्मणबा कुंभार राहे. गल्लीत बाईमानूस दिसली का त्याचं एकच, "आंगठा दे वं."

मी नवीनच आलेली, कडेवर चार मयन्याचं लेकरू, मले लय भेव वाटे. आमच्या चांदूर रेल्वेले आंगठा देनं म्हनजे कागदावर. मी म्हटलं, "मी आंगठाछाप नाही, चौथीपर्यंत शिकली, सही करतो."

"सही घेऊन कुंभार काय करन?" म्हने, अन् गेला चाक फिरवाले.

इहिरीवर बाया मले हसल्या. "साऱ्यायचे आंगठे पाहून झाले बुढ्याचे. तूच रायली."

मंग त्यायनंच सांगितलं. त्याची बायको रानडुकराच्या सुळ्यानं मडकं घोटे, घासूघासू चमकवे. घोटूघोटू सुळ्याले तिच्या आंगठ्याचा खड्डा पडला. ती गेली, अन् त्या खड्ड्यात कोनाचाच आंगठा बसे ना.

दुसरा एक सुळा त्याले मोर्णा नदीच्या काठी माती खंदतानी सापडला होता, जुन्या खापरायसंगं. त्याले बी तसाच खड्डा. कोनाले बी धरून दाखवे, "पयलेचे लोकं यानंच घोटत. हा खड्डा बाईचा."

"बुवाचा नसन कशावरून?" मी एकडाव इचारलं.

"बुवा इतका येळ एका मडक्यापाशी बसत नाही."

गल्लीत पयल्यांदा इजेचा दिवा लागला, सारे पाहून रायले, अन् हा म्हने, "पयलेचा मानूस येडा नोता, बिनादिव्यानं मडकं चमकवे."

एका दुपारी लेकरू रडूरडू काळंनिळं झालं. घरात मी एकटी, काय करू काही सुचे ना, तशीच पयत त्याच्या आंगनात गेली. चाकाची घरघर आयकून लेकरू चूप झालं.

लक्ष्मणबानं चाक थांबवलं. "आता त दे."

मी देल्ला आंगठा. त्यानं बायकोचा सुळा हातात ठेवला. आंगठा खड्ड्यात असा बसला, जसा माहाच.

त्यानं अर्धं वाळलेलं मडकं पुढं सरकवलं. "घोट."

"मले येत नाही वो."

"तिले बी येत नोतं."

मी घासाले लागली. कुर्र, कुर्र. लेकरू मांडीवर झोपलं. तो माह्याकडं पाठ करून बसला, कान तेवढा इकडं.

"बराबर होऊन रायलं का वो, लक्ष्मणबा?"

"बोलू नको, पोरी. नुसतं घोट."

मडकं कवाचंच चमकलं होतं. मी घोटतच रायली.