आधी नळाले हात लाव

आमच्या नंदनवन वस्तीत वामनकाकांच्या घरी गेलात, तर चहाच्या आधी नळ दाखवला जातो. "आधी नळाले हात लाव गा! अंगातला करंट निघून जाऊ दे." आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अंगाला झटके बसतात. अशाच एखाद्या झटक्याने जुना कॉम्प्युटर मरेल, ही काकांची धास्ती. दूधवालासुद्धा नळाला हात लावूनच आत.

त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क अधूनमधून दिसेनाशी व्हायची. दोष ढिल्या केबलचा. पण काका कॉम्प्युटरचा डबा उघडू देतील तर! "आत तुही काकू आहे गा." वारलेल्या काकूचा आवाज तेवढ्या एका डिस्कवर होता.

"मग कॉपी काढून ठेवा ना," मी म्हणालो.

"झेरॉक्सची झेरॉक्स फिकी येते. आवाजही फिका पडन."

मी सायकलवर कापडाचे गठ्ठे विकत गांधीबागेतल्या स्वतःच्या दुकानापर्यंत पोचलेला माणूस. क्लिपवाली पक्की केबल घासाघीस करून आणली, तर काका म्हणतात, "भाव पाडून आणलेली वायर दगा देते." माझ्या खरेदीला असं बोलणारा हा एकच माणूस! तो राग अजून गेलेला नाही.

एका रविवारी डिस्क गेली ती परत दिसेचना. काका माझ्या दारात, अनवाणी. "सुभाष, चाल गा."

प्लगची पिन काढून डबा उघडला. जुनी केबल ओढली, तर काका किंचाळले, "हळू गा, दुखन तिले!"

"काका, आता एक शब्द बोलले तर मी चाललो!"

ओरडलो खरा, पण घाम मलाच फुटला होता. कापड फाटलं तर दुसरं मिळतं. माझ्या त्याच केबलची क्लिप टक्क करून बसली. पिन लावून बटण दाबलं. पडदा काळाच. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

मग उजेड आला. काकांनी काकूची फाइल लावली.

"अवो, सुरू झालं काय? बोलू?" पुढे नुसता पंख्याचा आवाज. संपलं.

"एवढंच?"

"मले वाटलं, रेकॉर्डिंग सुरूच नाही झालं. म्या बंद करून टाकलं. मंग राहूनच गेलं."

त्यांनी पुन्हा लावलं. "बोलू?" ऐकताच स्पीकरशी वाकून म्हणाले, "हो वं, बोल."

मी खिशातला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"फिका नाही पडणार ना गा?"

मी उठलो आणि कोणी न सांगता नळाला हात लावून आलो.