बाण स्वयंपाकघरात गेला

एका स्क्रीनवर काम करणाऱ्या माणसांची मला कीव येते. म्हणजे यायची. नेमकं सांगायचं तर गेल्या मंगळवारी सकाळभर यायची.

मी एका गाद्या बनवणाऱ्या कंपनीत आहे. 'आहे' म्हणणं जरा घाईचं होतंय. मला तिथे 'बघू' या बोलीवर घेतलं होतं, आणि मंगळवारी अकरा वाजता ते बघणार होते. नव्या गादीच्या जाहिरातीची योजना मोठ्या मॅडमना ऑनलाइन दाखवायची होती. कंपनी त्यांची म्हणून त्या मोठ्या. योजना पसंत पडली तर मी कायम, नाही पडली तर मी घरी. काम मी घरूनच करतो, त्यामुळे घरी बसण्यात नवीन काही नव्हतं. फरक फक्त पगाराचा पडणार होता.

आता चित्रं आणि तक्ते लॅपटॉपवर दाखवायचे, तर आपण काय बोलायचं ते कुठे वाचायचं? सामान्य माणूस कागदावर बघतो. मग समोरच्याला त्याचं टक्कल दिसतं. मी दुसरी स्क्रीन जोडायचं ठरवलं! वेगळा मॉनिटर कशाला? घरात आईचा टॅब आहे की!

"आई, टॅब देतेस का? दुसरी स्क्रीन म्हणून."

"पहिलीला काय झालं?"

"काही नाही झालं. दोन असल्या की काम पटापट होतं."

"तुझं एकीवरचं काम मी बघितलंय. घे. पण अकराला मला तो लागतो."

"हो हो," मी म्हणालो. मी आईला 'हो हो' म्हणतो तेव्हा मी काहीही ऐकलेलं नसतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आईला सोडून.

जोडणी एकदम झकास झाली. ना वायर, ना गुंता, सगळं हवेतून! माउसचा बाण लॅपटॉपच्या डाव्या कडेवरून निघाला की थेट टॅबवर उतरायचा, जसा काही शेजारच्या खोलीत चहाला गेलाय. शिवाय टॅबवर बोट लावलं तरी लॅपटॉप ऐकायचा, टॅबवर टाइप केलं तरी लॅपटॉप लिहून घ्यायचा. एवढी आज्ञाधारक वस्तू आमच्या घरात पहिल्यांदाच आली होती. मी टॅब डावीकडे पुस्तकांच्या थप्पीवर उभा केला आणि त्यावर माझं टिपण उघडलं. ते असं होतं:

'नमस्कार. सुप्रभात. खांदे सैल सोडा. दीर्घ श्वास घ्या. हसा, पण दात न दाखवता. थांबा. पाणी प्या, विचार करतोय असं वाटू द्या. इथे मॅडम हसतील. न हसल्यास आपण सुरुवात करावी.'

मधेमधे गादीबद्दलही थोडं होतं.

अकरा वाजले. पलीकडे मोठ्या मॅडम आल्या, त्यांच्याबरोबर माझे मॅनेजर. मी वरून इस्त्रीचा शर्ट घातला होता. खालचं कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून खाली मी स्वतंत्र होतो.

"स्क्रीन दाखवताय ना?" मॅनेजर म्हणाले.

लॅपटॉपने विचारलं, कुठली दाखवू, एक की दोन? सोपं आहे! टॅब डावीकडे म्हणजे तो एक, लॅपटॉप उजवीकडे म्हणजे तो दोन. लहानपणापासून डावीकडूनच मोजत आलोय. मी 'दोन' दाबलं. संगणक डावीकडून मोजत नाही. तो स्वतःपासून मोजतो. स्वतः एक, बाकी सगळे दोन. आमच्या मॅनेजरांसारखं. हे मला नंतर कळलं. त्यामुळे मॅडमना गादीऐवजी माझं टिपण दिसू लागलं, आणि मला वाटत होतं त्या गादी बघताहेत.

"नमस्कार. सुप्रभात," मी म्हणालो. खांदे सैल सोडले. दीर्घ श्वास घेतला. दात न दाखवता हसलो.

मॅडम पुढे झुकल्या. मी जे जे करत होतो ते त्या अगदी आधीच ओळखल्यासारख्या बघत होत्या. अशी दाद! मी थांबलो. पाणी प्यायलो. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. मग मी गादीचा विनोद सांगितला आणि मॅडम अशा खदखदून हसल्या की त्यांचा चष्मा हलला. मॅनेजरांनी तर दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. भारावून गेले असणार.

"अहो, तुमची स्क्रीन जरा..." ते हातांमागून म्हणाले.

"प्रश्न शेवटी घेऊ या, सर!" मी म्हणालो. आत्मविश्वास वाईट गोष्ट आहे.

इतक्यात दार उघडलं आणि आई आली. तिला कॅमेरा म्हणजे काय ते चांगलं कळतं, म्हणून ती कॅमेऱ्यात येऊ नये अशी वाकून, रांगत आली. खालून एक हात वर आला आणि टॅब घेऊन गेला. मी भुवयांनी 'नको नको' म्हणत होतो. आई जाता जाता कुजबुजली, "अकरा वाजले. मी सांगितलं होतं."

अकराला आई तिच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला, सकाळचा वृत्तांत लिहिते. मावशी रोज तिला कुठला ना कुठला लांबलचक मजकूर पाठवते: आरोग्य, आहार, गुडघे. आईने टॅब उघडला तर समोर मजकूर! 'सुप्रभात. खांदे सैल सोडा. दीर्घ श्वास घ्या.' तिला वाटलं, ताईने व्यायाम पाठवलाय.

"अहो, या इकडे!" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "ताईने सांगितलंय, खांदे सैल सोडा."

"सैलच आहेत," बाबा म्हणाले.

"श्वास घ्या."

"घेतोच आहे. नाहीतर बोललो असतो का?"

"हसा. दात दाखवू नका!"

"मग कसा हसू?"

इकडे माझ्या हातात टिपण नव्हतं. घाबरून मी माउस भलतीकडे ढकलला आणि बाण डाव्या कडेवरून निघून गेला. मी माउस हलवला, झटकला, गोल फिरवला. बाण नाही! बाण आता घरात कुठेतरी होता आणि मी त्याला नुसता अंदाजाने हाकत होतो. लॅपटॉपवर गादी तशीच पडून होती, काही केल्या पुढे सरकेना.

"अगंबाई, टॅबला मुंगी लागली!" आई ओरडली.

"चिरडू नकोस, काच फुटेल!"

"किती पळतेय बघा! सैरावैरा!"

"फुंकर मार."

"फू! फू! अहो, जात नाही. फडकं द्या ते."

माझ्या मॅडमना तिकडे काय दिसत असेल? टिपण वर जात होतं, खाली येत होतं, पुन्हा वर जात होतं. आई ते पुसत होती.

"तुमच्याकडे मुंग्या फार आहेत का?" मॅडमनी विचारलं.

"एकच आहे, मॅडम," मी म्हणालो. "ती पण माझीच."

मी माउस सोडून चारपाच मिनिटं त्याच एका चित्रावर बोलत राहिलो, तशी स्वयंपाकघरातली आरडाओरड थांबली. आता उठून टॅब परत आणण्याशिवाय इलाज नव्हता. "एक क्षण हं, मी आलोच," असं म्हणून मी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, तर पलीकडून दोघंही एकदम किंचाळले.

"उठू नका!"

मी जिथे होतो तिथे थिजलो. अर्धा उठलेला माणूस फार काळ तसा राहू शकत नाही. मी परत बसलो.

"का हो, मॅडम?"

मॅडमनी घसा साफ केला आणि समोरचं वाचायला सुरुवात केली. "'ताई, आजचा व्यायाम छान होता. आम्ही दोघांनी केला. ह्यांना श्वास जमतो, दात न दाखवता हसणं जमत नाही. ते मॅडम हसतील वगैरे मला कळलं नाही. कोण मॅडम?'"

मी डावीकडे बघितलं, तिथे नुसती पुस्तकांची थप्पी होती.

"'मुलाची आज मोठी मीटिंग आहे. वरून इस्त्रीचा शर्ट, खालून चड्डी. नोकरी कायम झाली तर बरं, दोन महिने झोप नाही त्याला.'"

"मॅडम, मी खुलासा करू का..."

"थांबा. अजून लिहिताहेत." मॅडम चष्मा सावरून वाचू लागल्या. "'आणि झोप मला पण नाही. ती कंपनीची फुकटची गादी! ह्याचं मन मोडू नये म्हणून काही बोलत नाही. रात्री हा झोपला की आम्ही गुपचूप जुनी गादी तिच्यावर टाकतो आणि सकाळी हा उठायच्या आत काढून ठेवतो.'"

आता गंमत अशी, की दहा मिनिटांपूर्वीच मी छातीवर हात ठेवून मॅडमना सांगितलं होतं, 'माझे आईवडील याच गादीवर ढाराढूर झोपतात!' मॅनेजरांच्या चेहऱ्यावरून माझी नोकरी निघून जाताना मला स्पष्ट दिसली.

"बोलवा त्यांना," मॅडम म्हणाल्या.

आई टॅब घेऊनच आली. मागोमाग बाबा, हातात फडकं. मॅडमना बघून आईने आधी केस सारखे केले, मग मला म्हणाली, "अरे, ताईचं उत्तरच येत नाहीये."

"ताईला गेलंच नाही ते, आई. ह्यांना गेलं."

आईने टॅबकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सगळं?"

"चड्डीसकट."

"बाई, गादीत वाईट काय आहे?" मॅडमनी विचारलं. "ती शरीराचा आकार लक्षात ठेवते. आमची खासियत आहे ती!"

आई माझ्याकडे बघून जरा घुटमळली. मी मान हलवली. आता लपवायला काही उरलंही नव्हतं.

"लक्षात ठेवते हो," आई म्हणाली. "पण कोणाचा? ह्यांचा! ह्यांचं वजन जास्त. वर जुनी टाकली तरी मधोमध ह्यांचा खड्डा पडतो आणि मी रात्रभर त्या खड्ड्यात घसरत असते. मी कितीही आठवण करून दिली तरी माझा आकार तिच्या लक्षात राहत नाही."

"मी सांगतो हिला, खाट धरून झोप," बाबा म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"मी पण रोज सकाळी आमच्या ह्यांच्याच बाजूला सापडते," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, दोष माझ्या पाठीत आहे." मग त्या मॅनेजरांकडे वळल्या. "तुम्ही कुठली वापरता?"

"मॅडम, मी... सोफ्यावर झोपतो," मॅनेजर म्हणाले.

त्या दिवशी माझी योजना कोणी बघितलीच नाही. गादी दोन भागांची करायची ठरलं, नवरा वेगळा लक्षात राहील आणि बायको वेगळी. ती विकायला काढण्याआधी तपासायची कोणी, तर आईने! मॅडमनी तिला रीतसर विचारलं आणि आईने 'बघू' या बोलीवर हो म्हटलं.

आणि मी? मी कायम झालो! मी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवणार होतो, तेवढ्यात मॅडम मॅनेजरांना म्हणाल्या, "ह्यांना ठेवावंच लागेल. आई ह्यांच्याच घरी राहतात ना."

काल कंपनीकडून मोठं खोकं आलं. आत भलामोठा, चकचकीत मॉनिटर! मी सही करून उचलून आत नेला, तर वर आईचं नाव. तिला गाद्यांचे अभिप्राय लिहायला सोयीचं जावं म्हणून.

"मला दे ना," मी म्हणालो. "तुला टॅब आहे की!"

"दोन असल्या की काम पटापट होतं," आई म्हणाली.

माझं टेबल आता तिच्याकडे आहे. एकीवर ती अभिप्राय लिहिते, दुसरीवर मावशीशी बोलते, आणि तिचा बाण कधी स्वयंपाकघरात जात नाही. मी हे सगळं लॅपटॉपवर लिहितोय, इस्त्रीच्या टेबलावर बसून. एका स्क्रीनवर. मघाशी बाबा इथून गेले आणि माझ्याकडे फार दयेने बघून गेले.