तिसऱ्या कडव्याचं रडणं

केबोनेचा बाप गेल्याची बातमी आमच्या कॅम्पवर, म्हणजे नदीकाठी हत्ती बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या तंबूंवर, आली ती कांदे आणि टोमॅटो यांच्या मधोमध. रोज सकाळी माउनच्या ऑफिसातून रेडिओवर निरोप येतात, आणि तिथली बाई समोर जे असेल ते एका सुरात वाचत सुटते. कांदे दुपारच्या विमानाने येतील, केबोनेला सांगा की तिचे वडील सारेफो काल सेरोंगाला वारले, टोमॅटो या खेपेला मऊ आहेत तेव्हा आधी तेच वापरा. आमच्या मॅनेजरने, बाकांगसाहेबांनी, सवयीप्रमाणे "ठीक आहे" म्हटलं. आपण कशाकशाला ठीक आहे म्हणालो ते त्यांच्या जरा उशिराने लक्षात आलं.

केबोने तेव्हा चौथ्या तंबूत पलंगावर चादर घालत होती. साहेब स्वतः तिकडे गेले आणि दारातच टोपी काढून उभे राहिले. साहेबांनी टोपी काढली म्हणजे काहीतरी वाईट असणार, हे तिला न सांगता कळलं. तिने चादरीचा राहिलेला कोपरा नीट खोचला, उशा जागच्या जागी ठेवल्या आणि मग त्याच पलंगाच्या कडेवर बसली. पाहुण्यांच्या पलंगावर बसायचं नाही, हे आमच्याकडे नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. त्या दिवशी साहेब काही बोलले नाहीत.

आता सेरोंगा काही फार लांब नाही. पण पुराचं पाणी चढलं की रस्ता बुडतो, आणि होडीची वाट त्या वर्षी पाणगवताने पार बुजली होती. राहिलं विमान, आणि ऐन हंगामात विमानात पाहुणे आणि त्यांच्या बॅगा सोडून दुसरं काही मावत नाही. साहेबांनी रेडिओवर तासभर घसा फोडला तेव्हा कुठे शुक्रवारी दुपारी परत जाणाऱ्या विमानात एक जागा मिळाली. तेवढ्याने भागण्यासारखं होतं, कारण आमच्याकडे माणूस कुठल्याही वारी जावो, माती शनिवारी उजाडतानाच होते. केबोने थोरली मुलगी. आईशेजारी जमिनीवरच्या शोकाच्या गादीवर बसायचं ते तिने, आणि बापाच्या अंगावर मातीची पहिली मूठ टाकायची तीही तिने. तिला एवढंच हवं होतं, की शनिवारी उजाडताना ती तिथे असावी.

घरी जाता येत नाही म्हणून काही प्रार्थना चुकत नाही. माती होईपर्यंत रोज संध्याकाळी दुःखाच्या घरी जमायचं, स्तोत्रं म्हणायची, ही आमची रीत. केबोनेचं घर तूर्तास म्हणजे आम्हीच. तेव्हा सोमवारी पाहुण्यांचं जेवण वाढून झाल्यावर आम्ही सगळे स्वयंपाकघरामागे, नोकरांच्या खोल्यांपाशी जमलो. प्रार्थना सांगायला ओतेंग होता. ओतेंग आठवडाभर होड्यांच्या इंजिनात हात घालून बसतो आणि रविवारी धर्मोपदेशक होतो, त्यामुळे त्याच्या बायबलाला ग्रीजचा वास येतो. केबोने डोक्याला रुमाल बांधून, खांद्यावर शाल घेऊन पुढे बसली. स्तोत्राच्या तिसऱ्या कडव्यात नदीपलीकडे जाणाऱ्याची गोष्ट येते. सारेफो म्हाताऱ्याने उभा जन्म लोकांना होडीतून पलीकडे नेण्यात घालवला होता. त्या कडव्याला केबोनेचा आवाज फुटला आणि ती रडली.

आणि अंधारातून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्या मार्गोबाई होत्या. अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेत जन्मभर मुलांना समूहगान शिकवून निवृत्त झालेल्या, पाच मैत्रिणींना घेऊन हत्ती बघायला आलेल्या. जेवता जेवता कानावर सूर पडले, तशा त्या वाटाड्याला पुढे घालून सुरांच्या मागे मागे आल्या होत्या. आता दुःखाच्या घरी आलेल्या माणसाला 'का आलात' असं आमच्यात विचारत नाहीत. आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि चहा दिला. सगळा घोळ त्या खुर्चीपासून सुरू झाला.

त्यांनी साहेबांना विचारलं, हे काय चाललं आहे. कॅम्पवर एक नियम आहे: पाहुणे सुखासाठी आलेले असतात, तेव्हा त्यांच्यासमोर साप, मरण आणि बिघडलेला जनरेटर हे विषय काढायचे नाहीत. साहेब म्हणाले, "हा आमचा संध्याकाळचा रिवाज आहे." यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते पुढे निस्तरणं इतकं जड गेलं.

मंगळवारी मार्गोबाई पाचही मैत्रिणींना घेऊन आल्या. सहा खुर्च्या, सहा चहा. बाईंनी चहात साखर थोडी कमी आहे असं हळूच सुचवलं. तिसऱ्या कडव्याला केबोने रडली, तशा त्या सगळ्या उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. ओतेंगने प्रार्थना अर्धी टाकली आणि टाळ्या थांबण्याची वाट पाहत राहिला. बुधवारी साहेबांना वाटलं, खोल्यांपाशी फार डास आहेत, पाहुण्यांची गैरसोय होते. म्हणून सारेफोचं सुतक तळ्याकाठच्या शेकोटीपाशी हलवण्यात आलं, जिथे गाद्यांच्या खुर्च्या आहेत. जेवणाच्या तंबूतल्या फळ्यावर सकाळच्या हत्तींखाली आणि दुपारच्या पाणघोड्यांखाली खडूने लिहिलं गेलं, 'संध्याकाळी गाणी.'

मार्गोबाईंच्या अंगातली मास्तरीण आता जागी झाली होती. त्यांनी आमची तालीम घेतली. पुरुषांचा आवाज पडतो म्हणाल्या. ओतेंगने मधेमधे जे बोलणं लावलं आहे ते थोडं आवरावं म्हणाल्या. तो बिचारा मेलेल्याच्या आत्म्यासाठी बोलत होता. शेवटी सगळ्यांनी एकदम मान लववून नमस्कार करावा, हेही त्यांनीच बसवलं. आणि आम्ही लववली मान. पाहुण्यांना नाही म्हणायचं कसं, ते आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही. केबोनेला मात्र त्यांनी काही सुधारणा सांगितल्या नाहीत. तिचे दोन्ही हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, की इतकं खरं रडणारी कलावंत त्यांनी पाहिली नव्हती. केबोनेने थँक्यू म्हटलं आणि बाईंचा तंबू आवरायला गेली.

गुरुवारी रेडिओ बोलला. मार्गोबाईंच्या मैत्रिणींपैकी कोणीतरी गाण्याचं चित्रण माउनच्या ऑफिसला पाठवलं होतं, ऑफिसने ते आणखी वर पाठवलं होतं, आणि वरचे लोक हरखून गेले होते. शुक्रवारच्या विमानाने परदेशातले चार एजंट येणार होते. पुढच्या वर्षीचे पाहुणे कुठल्या कॅम्पला पाठवायचे ते हेच लोक ठरवतात. त्यांना गाणं ऐकायचं होतं. आणि ती तिसऱ्या कडव्याला रडणारी बाई असलीच पाहिजे, असा खास निरोप होता.

साहेबांनी केबोनेला बोलावलं तेव्हा मी तिथेच ग्लास पुसत होतो. ऐकू नये असं वाटत होतं, पण ग्लास बरेच होते.

"एकच रात्र, केबोने," साहेब म्हणाले. "शनिवारी पहिल्या विमानात तुला मी स्वतः बसवतो."

"शनिवारचं पहिलं विमान उठेपर्यंत बाबा जमिनीखाली गेलेले असतील, साहेब."

"हे एजंट नाराज होऊन गेले, तर आपल्यातल्या निम्म्यांना घरी बसायची वेळ येईल. मी काय करू, तूच सांग."

"मी काय सांगणार? मी रडते ती बाबांसाठी. बाबा तिकडे आहेत, आणि तुम्ही मला रडायला इकडे ठेवून घेताय."

साहेब वाईट माणूस नाही. मग त्यांना एक तोड सुचली, आणि ती तोड अगदीच साहेबांना शोभणारी होती: केबोनेच्या जागी दुसऱ्या कोणीतरी रडायचं. स्वयंपाकघरातल्या दिनेओमावशींचं नाव पुढे आलं, कारण त्यांचा आवाज मोठा आणि कांदे त्यांच्याच ताब्यात. मावशींनी अर्धा कांदा डोक्याच्या रुमालात खोचला आणि संध्याकाळच्या तालमीला उभ्या राहिल्या. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्याला डोळ्यांतून धार लागली, आमचाही जीव भांड्यात पडला. तिसऱ्याला मावशींना शिंका सुरू झाल्या, सलग, आणि पाचव्या शिंकेला कांदा रुमालातून निसटून ओतेंगच्या बायबलावर पडला. आम्ही हसलो. चार दिवसांत पहिल्यांदा हसलो, केबोनेसुद्धा हसली, आणि हसता हसता तिला एवढं भरून आलं की ती उठून खोल्यांकडे निघून गेली.

मार्गोबाई मात्र हसल्या नाहीत. "हे नाही चालायचं," त्या म्हणाल्या. "ती कुठे गेली? मला तिचंच रडणं पटतं."

"तिचं पटणारच, बाई," ओतेंग म्हणाला. कांद्याचा रस बायबलावरून पुसता पुसता तो बोलत होता. "तिचा बाप मेलाय."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. नियम मोडला होता आणि आता तो कोणी सांधू शकणार नव्हतं. मार्गोबाई खाली बसल्या. कधी, असं त्यांनी विचारलं, आणि ओतेंगने सगळं सांगितलं: रविवारी रात्री गेला, परवा उजाडताना माती आहे, आणि हे गाणं आम्ही त्याच्यासाठीच म्हणतो आहोत.

"म्हणजे मी रोज मयताच्या घरी येऊन बसत होते? आणि तुम्ही मला चहा देत होतात?"

"साखर कमी पडते म्हणालात," ओतेंग म्हणाला, "म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त घातली."

बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग एकदम म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला पुरुषांचा आवाज पडतो म्हणाले."

"तो पडतोच," ओतेंगने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबोने त्यांच्या तंबूत गेली तेव्हा बाईंनी माफीबिफी काही मागितली नाही. त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि तिच्याबरोबर पलंग घालायला लागल्या. त्यांना ते अजिबात येत नव्हतं. केबोनेला तो पलंग नंतर पुन्हा घालावा लागला. पण बाहेर येऊन बाईंनी साहेबांना सांगितलं, की केबोने आज दुपारच्या विमानाने जाईल, आणि तिच्या जागी त्या स्वतः उभ्या राहतील. साहेबांनी तोंड उघडलं, पण चाळीस वर्षं शाळेची पोरं गप्प केलेल्या बाईंपुढे त्यांचं काय चालणार? दुपारी विमानातून एजंट उतरले आणि केबोने चढली. मयताच्या घरच्या चहा-जेवणासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून दिलेलं साखर-पिठाचं पोतं तिच्या मांडीवर होतं. पायलटने पोत्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या, मग केबोनेकडे पाहिलं आणि आठ्या काढल्या.

त्या संध्याकाळी मार्गोबाई दिनेओमावशींची शाल आणि रुमाल लेवून आमच्यात उभ्या राहिल्या. तिसऱ्या कडव्याला त्या रडल्या. कलावंतासारख्या मुळीच नाही. नाक वाहत होतं, सूर सुटला होता, आणि शेजारी ओतेंग त्यांच्या पाठीवर हात फिरवत होता. एजंट लोक फार खूश झाले. या कॅम्पवर पाहुण्यांनासुद्धा गाण्यात सामावून घेतात, असं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही, म्हणाले. पुढचा सबंध हंगाम त्यांनी तिथल्या तिथे पक्का केला, फक्त हा कार्यक्रम चालू ठेवावा एवढी विनंती केली. आता पुढच्या वर्षी दर आठवड्याला कोणाला मारायचं, या काळजीने साहेबांना जेवण गेलं नाही.

सेरोंगाचं पुढचं केबोनेने परत आल्यावर मला सांगितलं, एकदाच, आणि मी ते पुन्हा विचारलं नाही.

ती पोचली तेव्हा बापाची शवपेटी घरी आली होती. आई गादीवर बसली होती. केबोने तिच्या शेजारी बसली, आणि आई हंबरडा फोडून तिच्या गळ्यात पडली. केबोनेने आईला धरलं, थोपटलं, पाणी पाजलं. पण तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिने जोर लावून पाहिला. बापाचा चेहरा आठवला, त्याचे होडी हाकून घट्टे पडलेले हात आठवले. काही नाही. सोमवारपासून संध्याकाळच्या संध्याकाळी ती सगळं पाहुण्यांपुढे सांडून आली होती. बायकांच्या ते ध्यानात आलंच. गोऱ्यांत राहून डोळे कोरडे पडले हिचे, असं कोणीतरी म्हणालं, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आत्याने तिच्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "बाप गेलाय गं तुझा, शेजारी नाही."

उजाडताना पेटी खाली उतरवली. केबोनेने पहिली मूठ टाकली. मग पुरुषांनी पाळीपाळीने फावडी घेतली आणि लोकांनी स्तोत्र धरलं, तेच. केबोनेही म्हणत होती. तिसरं कडवं आलं, आणि ती ते न अडखळता, अगदी सुरात म्हणाली. पुरुषांचा आवाज पडतोय, हेसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःची किळस आली. स्तोत्र संपलं. तिची मान आपोआप थोडी लवली, आणि तशीच मान लववून ती थांबली.

काही झालं नाही. फावडी थांबली होती. मातीचा उंचवटा झाला होता. लोक नुसते उभे होते, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती आणखी थोडी थांबली, आणि कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

तेव्हा तिला कळलं की बाबा गेले. ती जिथे होती तिथेच खाली बसली आणि अशी रडली, की चिमटा काढणाऱ्या आत्यालाच तिला दोन्ही हातांनी आवळून धरावं लागलं. तिने शालीच्या पदराने तोंड झाकायला घेतलं, तसा आत्याने तो पदर बाजूला केला.

"रड, बाई," आत्या म्हणाली. "इथे कोणी बघायला आलेलं नाही."