तळ न उघडलेली चकती

चूक वेळीच सांगावी, हा धर्म सर्वांस ठाऊक असतो. परंतु जिच्यापायी एखाद्याच्या पोटात सांडपाणी जायचे, ती चूक पेला ओठी लागतानाच आठवली, तर धर्म बाजूला राहतो आणि जीभ टाळ्याला चिकटते.

त्या प्रयोगशाळेत सासरे प्रमुख होते आणि सूनबाई त्यांच्या साहाय्यक. सांडपाण्यातील जंतू अडवणारी चकती ते घडवीत. ॲल्युमिनियमचा पत्रा आम्लात बुडवून वीज सोडली की त्यावर जंतूलाही शिरता येऊ नये इतकी सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांचे तळ मात्र बंद असतात. चकती शेवटी दुसऱ्या आम्लात ठेवून ते उघडावे लागतात. सूनबाई नेमके तेच विसरल्या होत्या.

आठवले तेव्हा, संस्थेच्या, पाहणीस आलेल्या अध्यक्षांसमोर चकतीची करामत पिऊन दाखवायला सासरे भरला पेला उचलत होते. तळ बंद, तर पेला भरला कसा? चकतीभोवती बसवलेल्या रबरी कडीच्या फटीतून घाण पाणी न गाळताच उतरले असणार. सूनबाई पुढे सरसावेपर्यंत पेला रिता झाला.

"मामंजी, पोटात कसंसं होतंय का?" त्या कुजबुजल्या.

"मला काय धाड भरलीय?" सासऱ्यांनी घाम पुसला. चेहरा मात्र पांढराफटक.

सूनबाईंना डोळ्यांसमोर रुग्णालय दिसले, आणि त्याच्या दारात सासूबाई.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "मलाही द्या की अर्धा पेला. मी काय घोडं मारलंय?"

आता एकाचे दोन जीव जाणार, या विचाराने सूनबाईंचा धीर सुटला.

"देऊ नका. चकतीचे तळ मी उघडलेच नाहीत. मामंजी, तुम्ही प्यायलात ते कडेनं उतरलेलं गटाराचं पाणी."

सासरे मटकन खुर्चीत बसले. "तळच उघडले नव्हतेस?"

"चुकले."

"अगं पोरी, सकाळपासून एक थेंब खाली उतरेना. मला वाटलं, आयुष्याचं काम फुकट गेलं. घाबरून पेल्यात पिण्याचं पाणी भरलं मी." मग ते अध्यक्षांकडे वळले. "साहेब, फसवलं तुम्हाला. पण चकती नापास नाही हो, नुसती बंद आहे."

अध्यक्षांनी पुढे केलेला हात हळूच खिशात घातला. "बरं केलंत सांगितलंत. मागितलं खरं, पण माझे पाय मघापासून लटपटतायत. तळ उघडा, पाणी तपासा, मग बोलवा."

चकती त्याच दुपारी दुसऱ्या आम्लात उतरली. आपापले भय बोलून मोकळ्या झालेल्या या तिघांचे कल्याण असो. आणि तो खरा पेला ज्याच्या वाट्याला येईल, त्याचे थोडे अधिक असो.