अक्कलदाढ आणि घरचा सर्व्हर

“आजपासून या घरात एकही कॅसेट दिसणार नाही,” डॉक्टरांनी जाहीर केलं आणि बिस्कीट उजव्या दाढेखाली सरकवलं. “सगळे व्हिडिओ एका जागी. टीव्हीसमोर बसायचं, बटण दाबायचं, की आपलं लग्न सुरू. पुन्हा दाबलं की सहल. घरचा सर्व्हर म्हणतात त्याला. संध्याकाळपर्यंत तयार करतो.”

“मिक्सर उघडलात तेव्हाही संध्याकाळपर्यंतच म्हणाला होतात,” बायको म्हणाली.

“मिक्सरची गोष्ट वेगळी. तो जोडल्यावर चार स्क्रू उरले. म्हणजे कंपनीनंच जास्तीचे घातले होते.”

“हो ना. जास्तीचे काढल्यावर तो बंद पडला, एवढंच,” सासूबाई म्हणाल्या. त्या थोडे दिवस लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि जावयाचं प्रत्येक काम चष्मा पुसून बघत होत्या.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, मधे जिना. हात हलका, स्वभाव गोड, आणि खुर्चीतला माणूस घाबरला की त्याच्यासाठी एक रामबाण वाक्य कायम तयार: “मला स्वतःला अक्कलदाढ काढावी लागली. हूं की चूं केलं नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस.” या एका वाक्याच्या जोरावर डॉक्टरांनी अर्ध्या गावाच्या दाढा काढल्या होत्या.

त्या वाक्यातली अक्कलदाढ खरी होती. हूं की चूं मात्र भरपूर झालं होतं, आणि दुर्दैवानं त्याचा पुरावा होता. झालं असं, की दाढ काढायच्या दिवशी डॉक्टरांनीच मोठ्या तोऱ्यात बायकोला सांगितलं होतं, “नवा कॅमेरा घेऊन चल. दात काढून घेताना माणसानं कसं बसावं, ते आपण दवाखान्यातल्या टीव्हीवर दाखवू. पेशंटपुढे आदर्श पाहिजे.” बायकोनं कॅमेरा सुरू केला. पुढे जे घडलं त्यात तो बंद करायला कुणी सांगितलंच नाही, म्हणून ती शेवटपर्यंत चित्रीकरण करत राहिली. त्यानंतर ती कॅसेट इतर कॅसेटींत मिसळून गेली. डॉक्टरांनी कपाटं पालथी घातली, पण सापडली नाही.

आणि आता बायकोनं घरातल्या सगळ्या कॅसेटी दुकानात देऊन त्यांच्या एका डिस्कवर फाइली करून आणल्या होत्या. वर म्हणाली, “आई आलीच आहे, तर सगळे मिळून बघू.” त्या फाइलींत ती कॅसेटही असणार, हे डॉक्टरांनी लगेच ओळखलं. त्या धास्तीतूनच सर्व्हरची कल्पना निघाली. सर्व्हर ज्याच्या हातात, पुसून टाकायचं बटणही त्याच्याच हातात, असा साधा हिशोब होता. ती एक फाइल गुपचूप गेली की रामबाण वाक्य जन्मभर सुरक्षित.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांची खालची डावी दाढ गेले काही दिवस ठणकत होती. पेशंटना ते रोज बजावायचे, की दुखणं अंगावर काढू नका. स्वतः मात्र बिस्किटं उजवीकडून खात होते.

दुपारी मायलेकी पडदे घ्यायला बाहेर पडल्या आणि डॉक्टर कामाला लागले. दवाखान्यातून निवृत्त झालेला जुना काँप्युटर त्यांनी चपलांच्या कपाटात बसवला, कारण वाय-फायचा डबा नेमका तिथेच होता. डिस्क जोडली, फोनवर ॲप घेतलं, काँप्युटर सुरू केला. कपाटातून असा घरघराट सुरू झाला की आत कुणीतरी गाढ झोपलं असावं. पण चाललं! फोनवर करड्या चौकोनांची रांग उमटली. एकेक चौकोन म्हणजे एकेक फाइल. डॉक्टर स्वतःवरच इतके खूश झाले की दाढेचा ठणका क्षणभर थांबला.

घोडं अडलं ते पुढे. दुकानदारानं फाइलींना नुसते आकडे दिले होते. लग्न कुठलं, सहल कुठली आणि अक्कलदाढ कुठली, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक फाइल थोडी लावून बघणं भाग होतं. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर बघावं, तर चष्मा खाली दवाखान्यात राहिलेला.

“मोठ्या टीव्हीवरच बघू,” डॉक्टर स्वतःशी म्हणाले. “नाहीतरी सर्व्हर त्याच्यासाठीच केलाय.”

कुठल्या टीव्हीवर दाखवू, असं ॲपनं विचारलं आणि खाली दोन नावं दिली. दोन्ही अगदी सारखी. एकच नाव चुकून दोनदा आलंय, असं समजून डॉक्टरांनी बेधडक वरच्या नावावर बोट ठेवलं.

आता दवाखान्याच्या बसायच्या खोलीतही एक टीव्ही होता. तो घरच्या टीव्हीबरोबर एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेला, दिसायला जुळा भाऊ. त्याच्यावर वर्षानुवर्षं दात कसे घासावेत याची फिल्म चालायची आणि कुणी तिच्याकडे बघायचं नाही. वेगळं कनेक्शन कशाला, म्हणून डॉक्टरांनी स्वतःच तो घरच्या वाय-फायला जोडला होता. तुमच्या लक्षात आलंच असेल. डॉक्टरांच्या आलं नाही.

पहिली फाइल लावली. फोन म्हणाला, चालू आहे. समोरचा टीव्ही काळा ठिक्कर. डॉक्टरांनी वायर हलवली, रिमोटच्या बॅटऱ्या काढून उलटसुलट घातल्या, टीव्हीच्या पाठीवर एक थाप मारली. काही नाही. दुसरी फाइल लावली. तेच. इतक्यात खालून फोन आला. काउंटरवरच्या ताई बोलत होत्या.

“डॉक्टर, पेशंट आलेत. खोली भरली.”

“आलोच, ताई. पाचच मिनिटं.”

“सावकाश या. कुणाला घाई नाही आज. मी म्हणत होते, टीव्हीचा आवाज जरा वाढवू का? मागच्यांना ऐकू येत नाही म्हणतायत.”

डॉक्टरांना भरून आलं. इतकी वर्षं लावलेल्या दात घासण्याच्या फिल्मचं आज चीज झालं होतं. “वाढवा की. मोठ्यानं लावा. चार लोकांनी बघितलं तर त्यांचंच भलं होईल.”

“बरं,” ताई म्हणाल्या. मागे कुणीतरी खो खो हसत होतं. दातांच्या दवाखान्यात हसतं कोण, असा प्रश्न डॉक्टरांना पडायला हवा होता. पण ते टीव्हीच्या मागे वाकून एक भोक शोधण्यात दंग होते.

तिसरी फाइल लावली. तीत, हे आपलं आपल्यात, डॉक्टर एका तळ्याकाठी होडीत चढत होते. एक पाय होडीत, एक धक्क्यावर. होडी निघाली, धक्का जागच्या जागी राहिला, आणि डॉक्टर बराच वेळ दोघांनाही धरून ठेवायचा प्रयत्न करत होते. खालची खोली श्वास रोखून बघत होती. वर डॉक्टर काळ्या पडद्याला म्हणत होते, “अरे, लाग की बाबा.”

पुन्हा फोन.

“डॉक्टर, मुख्याध्यापकसर विचारतायत, हे परत पहिल्यापासून लागेल का? ते उशिरा आले, त्यांचं अर्धं हुकलं.”

मुख्याध्यापक! त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं शाळा चिडीचूप व्हायची. पण दाढ काढायची म्हटल्यावर हे गृहस्थ दोनदा खुर्चीतून उठून, अचानक महत्त्वाचं काम आठवून, पळून गेले होते. त्यांनीही दात घासण्यात रस घ्यावा, ही मोठी गोष्ट होती.

“सरांना सांगा, पुढचा भाग याहून चांगला आहे,” डॉक्टर म्हणाले. “त्यात सगळं जवळून दाखवलंय.”

“सांगते. लोक त्याचीच वाट बघतायत.”

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि पुढच्या चौकोनावर बोट ठेवलं. टीव्ही तसाच काळा. वैतागून त्यांनी फोन सोफ्यावर टाकला आणि वाय-फायच्या डब्यात काही बिघडलंय का बघायला चपलांच्या कपाटात डोकं घातलं.

तेवढ्यात खालून किंकाळी आली.

“आई गं! नको, नको, मला सोडा, मला नाही काढायची!”

डॉक्टर ताडकन उठले. डोकं कपाटाच्या फळीला आपटलं. खाली कुणीतरी भयंकर कळवळत होतं आणि आपण इथे चपलांत बसलोय, या विचारानं त्यांना स्वतःची शरम वाटली. ते होते तसे जिन्यावरून धावले. आवाज वाढत होता आणि कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत होता. दाराशी पोचेपर्यंत कुठे ऐकलाय तेही आठवलं.

बसायच्या खोलीत कुणी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. सगळ्यांच्या पाठी दाराकडे आणि तोंडं टीव्हीकडे. टीव्हीवर तरुणपणचे डॉक्टर खुर्चीला दोन्ही हातांनी धरून बसले होते. एक पाय खुर्चीत, एक दाराच्या दिशेनं. त्यांचा दातांचा डॉक्टर असलेला वर्गमित्र समोर उभा राहून शांतपणे सांगत होता, “अरे, मी अजून नुसता आरसा धरलाय.”

खोलीत हशा फुटला. पुढच्याच बाकावर पडद्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बायको बसली होती. शेजारी सासूबाई. त्या डोळे पुसत होत्या.

“अहो, या ना,” बायकोनं सरकून जागा केली. “जाता जाता डोकावलो, तर आपलीच सहल चाललेली. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलंय. आदर्श म्हणून.”

डॉक्टरांनी टीव्ही बंद करायला जावं, तर मधे तीन रांगा माणसं. उलट्या पावली जावं, तर जिन्यापाशी ताई उभ्या. इतक्या वर्षांचं रामबाण वाक्य भर दवाखान्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेलं होतं. उद्यापासून आपल्या खुर्चीत कोण बसणार? त्यांनी आपोआप डाव्या गालावर हात धरला.

तेव्हा मुख्याध्यापक उभे राहिले. खोली सवयीनं चिडीचूप झाली.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “आज माझी काढूनच टाका.”

“सर, तुम्ही हे सगळं बघितलंत ना?”

“म्हणूनच म्हणतो. मला दुखण्याची भीती नव्हती हो. मला भीती, की मी ओरडलो तर तुम्ही काय म्हणाल. तुम्ही सांगायचात, हूं की चूं केलं नाही. मग मी कसा करणार? माझा हुद्दा काय!” त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. तिथे आता दाढ गेलेले डॉक्टर गालात कापूस आणि गालावर हात धरून हसत होते आणि बायकोला विचारत होते, की फार ओरडलो का. “पण तुम्ही इतकं ओरडून नंतर हसताय. मग आता मला कसली लाज?”

डॉक्टरांना एकदम खूप बरं वाटलं, आणि इतकी वर्षं आपण उगाच एक ओझं वाहत होतो असंही वाटलं. त्यांनी चष्मा शोधला, हात धुतले आणि सरांना आत घेतलं. सर सुई दिसण्याआधीच ओरडले, आणि असे पोटभर ओरडले की बाहेर बसलेल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना धन्य वाटलं. दाढ निघाली. सर कापूस धरून बाहेर आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नेहमी ज्याला त्याला “आधी तुम्ही” म्हणणारे पेशंट नंबरासाठी भांडायला लागले.

शेवटचा पेशंट आटोपला. डॉक्टर हात पुसत बाहेर आले, तर गेलं कुणीच नव्हतं. सगळे आपापल्या जागी बसून होते आणि मधे बायको उभी होती.

“झालं सगळं?” तिनं विचारलं.

“झालं.”

“मग आता डावी बाजू दाखवा.”

“कुठली डावी?”

“अहो, मघाशी त्या टीव्हीत गालावर हात धरून तुम्ही बसला होतात, आणि त्याच वेळी इकडे दारात गालावर हात धरून उभे होतात. आठवडाभर बिस्किटं उजवीकडून खाताय. मला काय समजत नाही?” ती दाराकडे वळली. “या भाऊजी, आत या.”

दारात वर्गमित्र हातमोजे घालत उभा होता. तिनं त्याला केव्हाच फोन केला होता.

“आज नको,” डॉक्टर म्हणाले. “मला सर्व्हरचं थोडं काम राहिलंय.”

“सर्व्हर उत्तम चाललाय,” मुख्याध्यापक गालातल्या कापसातून म्हणाले. “बसा.”

डॉक्टर बसले. आयुष्यात दुसऱ्यांदा ते खुर्चीच्या चुकीच्या बाजूला होते. आतल्या खोलीचं दार कुणी लावेना. बायकोनं फोन काढून कॅमेरा सुरू केला. सासूबाईंनी चष्मा पुसला, पुढे येऊन जागा धरली आणि प्रेमानं म्हणाल्या, “जावईबापू, यावेळी जरा इकडे तोंड करून ओरडा हं. मागच्या वेळी चेहरा नीट आला नव्हता.”

“आई, आता मी अजिबात ओरडणार नाही,” डॉक्टर ठामपणे म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि त्यांची किंकाळी वरच्या मजल्यावरच्या चपलांच्या कपाटापर्यंत पोचली.

मित्राच्या हातात अजून नुसता आरसा होता.