तिसऱ्या मजल्यावरची सायकल

रोझेर थिबोदोने मेहुण्याची सायकल ज्या वस्तूला साखळीने बांधली होती, ती वस्तूच जागेवर नव्हती. फुटपाथवर तिच्या पायांचे चार चौकोनी डाग तेवढे उरले होते.

"इथेच होतं," रोझेर म्हणाला.

"काय? सायकल की मशीन?" गिलेनने विचारलं.

"दोन्ही."

गिलेनने हातातल्या कागदी पुड्यातला बेगल, कड्यासारखा गोल पाव, शांतपणे संपवला. तीस वर्षांच्या संसारात ती एक गोष्ट शिकली होती. नवऱ्याचा चेहरा असा झाला की आधी खाऊन घ्यावं, नंतर वेळ मिळत नाही.

सायकल फेर्नांची, म्हणजे गिलेनच्या थोरल्या भावाची. त्याने ती इटलीहून मागवली होती आणि चार वर्षांत तीनदा चालवली होती. एरवी ती क्युबेक शहरातल्या त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली असे आणि पाहुण्यांना दाखवली जाई. ती त्याने शनिवार-रविवारपुरती रोझेरला दिली यात औदार्य किती आणि हिशेब किती, याबद्दल रोझेरला शंका होती. १९९४ साली त्याने फेर्नांचं बर्फ उडवायचं यंत्र नेऊन बिघडवलं होतं, आणि ती हकीकत दर नाताळच्या जेवणात मांसाच्या कचोरीच्या पहिल्या तुकड्याबरोबर सगळ्यांना वाढली जात असे. असे एकोणतीस नाताळ झाले होते. आता नातवंडंही ती फेर्नांच्या बरोबरीने म्हणू लागली होती. फेर्नांला नवीन हकीकत हवी असणार. ही सायकल हरवली तर रोझेरचे उरलेले सगळे नाताळ गेले.

खरं तर मॉंट्रियलच्या या सहलीची आखणी चोख होती. दोन दिवस, चौसष्ट किलोमीटर, खाण्याची अकरा ठिकाणं. कोणत्या वाजता कुठे काय खायचं याचा कागद रोझेरने लॅमिनेट करून घेतला होता. तारीख एक जुलै होती हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. या दिवशी अर्ध्या मॉंट्रियलचे भाडेकरार संपतात आणि अर्धं शहर दुसऱ्या अर्ध्याच्या घरात राहायला जातं. रोझेरचा तर्क असा की सगळे ओझी उचलण्यात गुंतलेले असतील, तेव्हा हॉटेलं रिकामी मिळतील.

हॉटेलं रिकामी होती, यात वाद नाही. पण रस्त्यावरच्या एकुलत्या एका खांबाला गिलेनने आपली जुनी सायकल लावली, आणि तिला घासून फेर्नांची सायकल उभी करायची रोझेरची छाती झाली नाही. ओरखडा पडला असता. पलीकडे, घर सोडून गेलेल्या कुणीतरी नको असलेल्या सामानाचा ढीग फुटपाथवर मांडला होता. हवं त्याने न्यावं, अशीच या दिवसाची रीत. ढिगात एक गादी, दोन दिवे आणि व्यायामाचं एक अवाढव्य लोखंडी मशीन होतं. आडव्या-उभ्या दांड्या, वजनं, कप्प्या. हे उचलायला चार माणसं लागतील, असा विचार करून रोझेरने सायकल त्याच्या दांडीला साखळीने बांधली. एक जुलैला मॉंट्रियलमध्ये चार माणसं कुठेही, कधीही उभी असतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

शेजारच्या जिन्यावर एक बाई कुंड्या मांडीवर घेऊन ट्रकची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. बस कंपनीचं जाकीट घातलेला एक माणूस पाच मित्र घेऊन आला होता आणि सायकल मशीनचाच भाग आहे का, असं त्याने विचारलंही होतं.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार? साखळीने बांधलेली होती. एखादा भाग कुणी चोरू नये म्हणून बांधली असेल, म्हटलं." बाईंनी कुंडी नीट धरली. "सभ्य होता हो. गादीसुद्धा नेणार होता, पण तिला ढेकूण असतील म्हणून मीच अडवलं."

तो विलरे भागात राहायला चालला होता, खाली बेकरी असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, एवढं त्यांना ठाऊक होतं. विलरेत बेकऱ्या किती आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

रोझेरने रस्त्याकडेच्या स्टँडवरून महापालिकेची भाड्याची सायकल सोडवली. ती म्हशीइतकी जड होती आणि तेवढीच स्वतःच्या मताची. दोघं उत्तरेकडे निघाले. प्रत्येक बेकरीपाशी थांबायचं, मान वर करून बघायचं, आणि आत जाऊन विचारायचं. नुसतं विचारणं गिलेनला बरं वाटेना, म्हणून ती दर ठिकाणी काहीतरी विकत घेई. चौथ्या बेकरीपर्यंत लॅमिनेट केलेल्या कागदाचा उपयोग ताटलीसारखा होऊ लागला होता. पाचव्या ठिकाणी रोझेर जिन्याखाली चौकशीला उभा राहिला, तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "काका, खालचं टोक धरा!" आणि तो एक सोफा घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचला. तिथे त्याला पिझ्झाचा तुकडा आणि बिअर मिळाली. सायकलबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं.

साडेचारला गिलेनने वर बोट दाखवलं.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, निळ्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर, सत्तरीच्या एक आजी सायकल चालवत होत्या. पाठ ताठ होती आणि नजर समोर. सायकल इटालियन होती.

रोझेर गोल जिन्याने वर धावला. जिन्याच्या वळणावर एक जेवणाचं टेबल अडकलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं सल्ले देत होती. तो टेबलाखालून रांगत गेला. गॅलरीत आन्सेल्म भेटला, तोच जाकीटवाला, बस कंपनीतला मेकॅनिक. त्याने सायकलचं मागचं चाक मशीनच्या दांड्यांवर उचलून घेतलं होतं, साखळीला तेल दिलं होतं, ब्रेकही सारखे केले होते. रोझेरची हकीकत ऐकून त्याने डोकं धरलं आणि लगेच माफी मागितली. पण सायकलवरच्या सासूबाईंना, फिलोमेनबाईंना, खाली उतरवायचं धाडस आपल्यात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. गुडघ्यासाठी व्यायाम करा म्हणून डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, आणि हैतीत आमच्या घराण्यात कुणी व्यायाम केला नाही असं त्या दोन वर्षं डॉक्टरांना सांगत होत्या. आज पहिल्यांदाच बसल्या होत्या. खालचा सगळा रस्ता दिसत होता ना.

"मादाम, ही सायकल माझी आहे," रोझेर म्हणाला.

फिलोमेनबाईंनी पाय थांबवले नाहीत. "कशावरून?"

"साखळीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे."

"माझ्या जुन्या घराची किल्लीसुद्धा माझ्याकडे आहे. म्हणून ते घर माझं का?"

रोझेर धापा टाकत एका खोक्यावर बसला आणि मग त्याने खरं काय ते सांगून टाकलं. सायकल आपली नाही, मेहुण्याची आहे. बर्फ उडवायचं यंत्र. एकोणतीस नाताळ. नातवंडं.

"मेहुणा म्हणजे? बहिणीचा नवरा?"

"बायकोचा थोरला भाऊ."

पायडलं थांबली. फिलोमेनबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"हे आधी सांगायला काय झालं होतं? उगाच एवढी पायडलं मारली मी," त्या म्हणाल्या आणि जावयाचा हात धरून उतरल्या.

पण सायकल खाली न्यायची तर जिना मोकळा हवा होता, आणि जिन्यात टेबल होतं. पाच माणसांनी पाऊण तास जे केलं होतं त्याचा अर्थ गिलेनने खालून एका नजरेत लावला. लग्नाआधी मॉंट्रियलमध्ये तिने सहा एक जुलै काढले होते. "उलटं करा. पाय वर. रोझेर, तू पुढे, आणि मी सांगेपर्यंत डोकं चालवू नकोस." टेबल कठड्यावरून सरकत, रोझेरच्या खांद्यावर टेकत, अखेर दारातून आत गेलं.

आता निघून जाणं बरं दिसलं नसतं. फिलोमेनबाईंनी पिझ्झा मागवू दिला नव्हता. घर बदललं म्हणून माणसाने पुठ्ठा खावा, हे त्यांना मान्य नव्हतं. पातेली जुन्या घरून मांडीवर घेऊन आल्या होत्या. काळ्या अळंब्यांचा भात, कुरकुरीत तळलेलं डुकराचं मांस, वर कोबीचं असं लोणचं की रोझेरच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊजण त्याच टेबलाभोवती खोक्यांवर बसून जेवले. कुणीही घड्याळ पाहिलं नाही. रोझेरने तीनदा वाढून घेतलं.

निघताना गिलेनने आपली जुनी सायकल मशीनवर चढवून घ्यायला सांगितली. "राहू दे आजींना. हिला कुणी भिंतीवर टांगणार नव्हतं."

रविवारी संध्याकाळी फेर्नांने विजेरी घेऊन सायकल तपासली. चाकं फिरवली, साखळी बोटाने पुसून पाहिली, ब्रेक चारदा दाबले. काहीच सापडेना. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ज्याने डिसेंबरची तयारी जुलैतच करून ठेवली आणि ऐन वेळी हाती काही लागलं नाही, अशा माणसाचा तो चेहरा होता. शेवटी, निदान जेवणाच्या बाबतीत तरी हे फसले असतील, या आशेने त्याने विचारलं, "आणि खाल्लंत कुठे? त्याच जुन्या प्रसिद्ध ठिकाणी रांगा लावल्यात ना?"

रोझेरने तोंड उघडलं, पण गिलेन आधी बोलली.

"विलरेत एक जागा आहे. तिसऱ्या मजल्यावर. बाहेर पाटी नाही."

फेर्नांने विजेरी विझवली. पाटी नसलेल्या जागांबद्दल त्याने ऐकलं होतं. अशी एकही आपल्याला माहीत नसावी, आणि रोझेरला माहीत असावी, हे त्याला सहन होईना.

"कोण चालवतं?"

"हैतीच्या एक बाई. वर्षातून एकदाच असतं, एक जुलैला. असं मांस मी जन्मात खाल्लं नाही."

फेर्नांने खिशातून पेन काढलं आणि पत्ता मागितला. गिलेनने सांगितला. तो तिने इतक्या सावकाश आणि गंभीरपणे सांगितला की रोझेर तिच्याकडे बघतच राहिला. हिच्याशी आपण तीस वर्षांपूर्वी लग्न का केलं, याचं कारण त्याला नव्याने आठवलं.

"टेबल आधी सांगून ठेवावं लागतं का?" फेर्नांने लिहिता लिहिता विचारलं.

"नाही," गिलेन म्हणाली. "टेबल आपणच वर न्यायचं असतं."

मॉंट्रियलवाले काहीतरी नवीन काढतातच, असं म्हणत फेर्नांने मान डोलावली, आणि तेही लिहून घेतलं.